हात थांबला की जागा गेली

ऑफिसात सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. किल्ली कसली, एक कॉम्प्युटर आणि त्याच्या पडद्यावर दिसणारी लायसन्सं! पण त्या लायसन्सांवर अख्ख्या ऑफिसचा श्वास चालायचा. इमारतींचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फार महागाचं. एका गठ्ठ्यात तीन प्रोग्रॅम यायचे: एक नकाशा काढायचा, एक इमारत उभी करून दाखवायचा आणि एक काढलेलं नुसतं बघायचा. काम करणारी माणसं वीसेक आणि लायसन्सं बारा. म्हणजे एका वेळी बाराच जण काम करणार, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. त्यातून तिन्हींपैकी कुठलाही प्रोग्रॅम उघडा, अख्खं लायसन्स अडलंच. त्याला ऑफिसात 'जागा' म्हणत. जागा कुणाकडे आहे, रांगेत कोण आहे, कुणाला उठवायचं, सगळं किल्लीवाल्याच्या हातात. पद एवढंसं, पण मिजास बघाल तर साहेब परवडला.

आणि ह्याच ऑफिसात त्याचे सासरे होते. सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. त्याची बायकोही लग्नाआधी इथेच नकाशे काढायची, मूल झालं तशी तिनं नोकरी सोडली. सासूबाई गेल्यापासून सासरे लेकीकडेच राहायला आले होते. सकाळी सासरा आणि जावई एकाच स्कूटरवरून ऑफिसला यायचे आणि गेटाच्या आत आले की एकमेकांकडे बघायचेही नाहीत.

का बघतील? सासऱ्यांची जीभ म्हणजे ब्लेड. घरी पाहुणे आले, जेवणं चालली आहेत, की ह्यांचं सुरू. "आमच्या जावईबापूंना स्वतःला एक रेघ मारता येत नाही, पण रेघ मारणाऱ्याला अडवायचा पगार मिळतो." पाहुणे हसायचे, बायको "बाबा, पुरे" म्हणायची आणि तीही जरा हसायचीच. किल्लीवाला मूग गिळून जेवायचा. आठ वर्षं असाच जेवत होता.

मग त्याच्या हातात संधी आली. लोक जागा धरून जेवायला जातात, गप्पा मारायला जातात, अशी साहेबांकडे ओरड झाली. साहेबांनी किल्लीवाल्याला बोलावून विचारलं, ह्यावर काही इलाज आहे का. आहे ना, किल्लीवाला म्हणाला. काही वेळ माउस हलला नाही की जागा आपोआप सुटेल आणि मग मी ती रांगेतल्या पुढच्याला देईन. किती वेळ ठेवायचा, साहेबांनी विचारलं. तो तासभर ठेवता आला असता, अर्धा तास ठेवता आला असता. किल्लीवाला म्हणाला, पंधरा मिनिटं. त्याहून कमी सॉफ्टवेअरच घेत नव्हतं, नाहीतर तेही त्यानं केलं असतं. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणत साहेबांनी मान डोलावली.

सारखा! अहो, सारखा कसला? अख्ख्या ऑफिसात एकच माणूस असा होता, ज्याचा हात काम करताना थांबायचा. सासरे दोन्ही हात मांडीवर ठेवून अर्धा अर्धा तास नकाशाकडे नुसते बघत राहायचे. ओठ जरासे हलायचे. मग एकदम माउस धरायचे आणि जे काढायचे ते पुन्हा खोडावं लागायचं नाही. "आधी डोक्यात जिना चढून बघावा लागतो," असं ते नव्या पोरांना सांगायचे. किल्लीवाल्यानं हे घरी आणि दारी हजारदा ऐकलेलं होतं. नियम त्यानं ह्या एका माणसाच्या मापानं बेतला होता, आणि शिवला मात्र सगळ्यांच्या नावानं.

वेळही बरोबर साधली होती. सासऱ्यांचं निवृत्तीचं वय झालेलं. एका शाळेचे नकाशे त्यांच्याकडे होते. महिनाअखेर ते पूर्ण करून द्या, दोन वर्षांची मुदतवाढ देतो, असा साहेबांनी शब्द दिला होता. नाही दिले तर निरोप. म्हाताऱ्याचा जीव त्या दोन वर्षांत अडकला होता. घरी बसलो तर वाळून जाईन, असं ते लेकीला रोज म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं.

नियम लागू झाला. सासरे हात मांडीवर ठेवून बघत बसले आणि जागा गेली. पुन्हा रांग. दुपारी मिळाली, पुन्हा विचारात पडले, पुन्हा गेली. पोरं हुशार. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं उगाच नकाशा मागेपुढे करत बसायची. काम शून्य, जागा शाबूत. एकानं सासऱ्यांना सांगितलं, काका, तुम्हीही हलवत राहा ना. त्यांनीही करून बघितलं बिचाऱ्यांनी. दिवसभर माउस हलवत, हलवतच शाळेचा जिना काढला. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत पडद्यावर बोट ठेवलं. ह्या जिन्यानं वर जाणाऱ्या पोरांचं डोकं तुळईवर आपटेल, काका. चाळीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. पोरं फिसफिसली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकानं डोकं आपटल्याची नक्कल केली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो किल्लीवाला.

घरचं जेवण आता शांततेत व्हायचं. सासरे ताटात बघून जेवायचे. किल्लीवाला मात्र खुलला होता. "बाबा, शाळेचं कुठवर आलं?" असं तो अगदी गोड आवाजात विचारायचा, भाजी पुढे सरकवायचा. बायको म्हणायची, अरे, तू तिथेच असतोस, जरा बाबांचं बघ ना. तो म्हणायचा, बघतोच आहे.

खरं सांगायचं तर त्याला म्हाताऱ्याची मुदतवाढ घालवायची नव्हती. त्याला एवढंच हवं होतं, की ह्या माणसानं एकदा आपल्यापुढे येऊन मागावं. चारचौघांत. मागितलं की देऊन टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आणि म्हातारा काही मागत नव्हता. रांगेत नाव लावायचा, गप्प बसायचा, कागदावर पेन्सिलीनं काहीबाही काढायचा.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. शाळेचं सगळं झालं होतं, राहिला होता तो जिना. दुपार टळली तरी सासऱ्यांचा नंबर लागेना. तेव्हा ते उठले. चष्मा खिशात ठेवला. सगळ्या टेबलांमधून चालत किल्लीवाल्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"मला एक जागा द्या," ते म्हणाले. "जिना तेवढा राहिलाय. हात जोडतो."

आणि खरंच जोडले हो त्यांनी हात!

किल्लीवाल्यापुढे पडदा उघडा होता. त्यावर एक जागा रिकामी दिसत होती, आत्ताच सुटलेली, अजून कुणाला न दिलेली. सासऱ्यांना ती त्याच्या खांद्यावरून स्पष्ट दिसत असणार. देऊन टाकायची, असं ठरलेलंच होतं. पण माणसाचं पोट अशा गोष्टीनं भरत नाही. आठ वर्षांची जेवणं त्याच्या घशाशी आली. सगळं ऑफिस बघत होतं. तो खुर्ची न वळवताच म्हणाला, "रांग आहे, काका. नियम सगळ्यांना सारखा." बाबा नाही, काका म्हणाला. मग बोटानं टिचकी मारावी तशी ती जागा त्यानं रांगेतल्या दुसऱ्याच पोराला देऊन टाकली. ते पोर फोनवर खेळत होतं. कुणीतरी हसलं.

सासरे थोडा वेळ तसेच पडद्याकडे बघत उभे राहिले. मग "बरं" म्हणाले आणि परत जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी शाळा जिन्याशिवाय साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी मुदतवाढ दिली नाही. शब्द तसाच होता, त्यांचं तरी काय चुकलं?

घरी बायकोनं बापाचं तोंड बघून ओळखलं, जागेपायीच मुदतवाढ गेली. जेवायला बसले तेव्हा तिनं बापाला काही विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं. तिनं त्या ऑफिसात वर्षं काढली होती, कुठे बोट ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"बाबांना जागा मिळाली नाही तेव्हा रिकाम्या किती होत्या?"

किल्लीवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. "एकही नव्हती," तो म्हणाला.

ती बापाकडे वळली. "खरं, बाबा?"

सासऱ्यांनी मान वर केली. जावयाकडे बघितलं, चांगलं सावकाश, जिन्याकडे बघायचे तसं. "खरं आहे," ते म्हणाले. "एकही नव्हती. मी मागे उभा होतो ना, मला दिसत होतं."

तिचा चेहरा सैल झाला. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला आणखी वाढलं. किल्लीवाल्याला वाटलं, सुटलो. म्हाताऱ्याला लेकीचा संसार प्यारा, म्हणून पांघरूण घातलं. डोळे भरून यायच्या बेतात होते त्याचे. त्यानं वर बघितलं तर सासरे अजून त्याच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत माया नावालाही नव्हती.

त्या दिवसापासून म्हातारा त्याला एक शब्द वाकडा बोललेला नाही. जावईबापू नाही, टोमणे नाहीत, पाहुण्यांसमोर तर कौतुकच. बायको सगळ्यांना सांगत सुटते, दोघांचं किती छान जमतं बघा आता. सासरे दिवसभर घरीच असतात, लेकीच्या हाताशी. किल्लीवाला ऑफिसातून घरी फोन करतो, काय चाललंय विचारतो. बायको म्हणते, काही नाही रे, मी आणि बाबा गप्पा मारतोय. कसल्या, तो विचारतो. ती हसते. मग रोज संध्याकाळी जिना चढून तो आपल्याच दारापाशी थांबतो आणि बेल वाजवायच्या आधी आत बायकोचा आवाज कसा आहे ते कान लावून ऐकतो.