धवलारणीला घेऊन उडाले त्या दिवशी

माझ्या नवऱ्यानं विमान घेतलं तेव्हा आमच्या भावकीतून पहिला प्रश्न आला तो असा: "त्याच्यात संडास हाय का?"

विचारणारे माझे मोठे दीर, रामूदादा. संडास नव्हता. चार सीटा, पुढे एक पंखा आणि वयानं माझ्याहून दोन वर्षं थोरलं, असं ते विमान होतं.

"मंग काय उपेग?" रामूदादा म्हणाले. "आपल्या दारात यवढा विमानतळ झालाय. तिकीट काढावं, आरामात बसावं, ती पोरगी हसून पानी आनून देते. नायतर गाडी हाय, डायवर हाय. मधीच ही उडती रिक्षा कशाला?"

त्या दिवसापासून आमचं विमान म्हणजे उडती रिक्षा. लग्नाकार्यात, मयताला, गावकीच्या बैठकीत, कुठेही गेलो तरी कुणीतरी विचारायचंच, "रिक्षा काय म्हनते?"

त्यात दुर्दैव असं की विमान हरेशनं घेतलं स्वतः उडवायला, आणि डॉक्टरी तपासणीत त्याच्या रक्तात साखर निघाली. इन्शुलिनच्या सुया सुरू झाल्या आणि पायलट व्हायचं राहिलं. महिनाभर तो तोंड पाडून बसला. मी पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवते. वारा, दाब, वजन, हे सगळं मी पोरांना फळ्यावर पंधरा वर्षं शिकवलेलं. एक दिवस वैतागून म्हटलं, "मी शिकते. तू गप्प जेव." चाळिशीला टेकलेली बाई सुट्ट्यांमध्ये धुळ्याला जाऊन शिकली आणि लायसन घेऊन आली. मग भावकीला दुसरा विषय मिळाला.

खरं सांगायचं तर रामूदादांचं दहातल्या आठ वेळा बरोबर असायचं. पुण्याला जायचं तर गाडीच बरी. दिल्लीला जायचं तर मोठंच विमान बरं. आमच्या जमिनी ज्या विमानतळात गेल्या तो नवीन पनवेलच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण आमच्या खेळण्याला तिथे कोण उभं करणार? ते असायचं कर्जतच्या पुढे, एका कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर. तिथवर गाडीनं जायचं, परवानग्या मिळेपर्यंत थांबायचं, आणि धुकं असलं तर चहा पिऊन घरी परत. "मग हे विमान कशासाठी?" या प्रश्नाला माझ्याकडे तीन वर्षं उत्तर नव्हतं, आणि त्याचा मला फार राग यायचा.

यंदा माघात रामूदादांच्या मनस्वीचं लग्न निघालं. मुलगा अपूर्व, कोल्हापूरचा. हळद आणि लग्न एकाच दिवशी, कोल्हापूरलाच. मनस्वीनं सासरच्यांना एकच अट घातली होती: हळद लागेल ती हौसामायच्या धवल्यांवरच.

आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. एकेक विधी, त्याचं एकेक गाणं, म्हणजे धवला. ती गाते, तसतसं लग्न पुढे सरकतं. हौसामाय आमच्या गावची शेवटची. शहात्तर वर्षांची, पोथी नाही, वही नाही, सगळं डोक्यात. माझ्या लग्नात तीच होती, मनस्वीच्या बारशाला तीच. अपूर्वच्या आईनं, वसुंधराताईंनी, मोठ्या मनानं मान्य केलं. मात्र हळद साडेअकराच्या आत लागायला हवी, कारण पुढे त्यांच्याकडचे विधी होते.

वऱ्हाड तीन वाटांनी निघालं. रामूदादा, माझ्या जाऊबाई वेणूताई आणि मनस्वी आदल्या दिवशी मोठ्या विमानानं गेले. बाकी भावकी त्याच रात्री बसनं गेली. हरेश आणि मी लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्या विमानानं निघणार होतो. "तुमी पोचा, आमी अक्षता राखून ठेवतो," असं बसमधून ओरडून सांगण्यात आलं.

सकाळी पावणेसातला वेणूताईंचा फोन आला.

"प्राची, हौसामाय तुज्यासंगती हाय ना?"

"नाही. ती बसमध्ये नव्हती?"

"बसवाले बोलतात, माय विमानानं येनार."

"मग तुमच्याबरोबर?"

"आमच्याबरोबर कशी असंल गो! मला वाटलं बसमदी हाय."

तीन वाहनं, शंभर माणसं, आणि जिच्यावाचून हळद लागत नाही तिला प्रत्येकानं दुसऱ्याच्या वाहनात बसवून टाकलेलं. मागून मनस्वीचा आवाज आला, "काकू, ती नसेल तर मी पाटावर बसणार नाही." पोरगी रडत होती, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी आहे हे मला ठाऊक होतं.

गाडीनं सात तास, म्हणजे दुपारचे दोन. कोल्हापूरचं मोठं विमान दुपारनंतरचं. उरलो आम्ही.

तिच्या घरी गेलो तेव्हा हौसामाय ओट्यावर बसली होती. नवं हिरवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, शेजारी पत्र्याची पेटी. तिच्या बाजूला मालू, तिची जोडीदारीण, अंगापिंडानं चांगली भरलेली बाई. दोघी आदल्या दुपारपासून तयार होत्या.

"माय, तू फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"मी का करू?" ती म्हणाली. "धवलारीन आपल्या पायानं जात नाय. घरचं मानूस नारल-विडा घेऊन येतं, मंग ती उंबरा सोडते. कोन आला नाय. मी बसलू."

आमची चूक शंभर टक्के होती. हरेश पळत जाऊन नारळ आणि पानसुपारी घेऊन आला. नाक्यावरच्या टपरीचा विडा, त्यात गुलकंदसुद्धा होता. हौसामायनं तो कपाळाला लावला आणि उठली. विमानाचं सांगितलं तेव्हा मालूनं देवाचं नाव घेतलं. हौसामायनं फक्त विचारलं, "खिडकी हाय ना?"

धावपट्टीवर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि समोर धुकं. असं दाट, की पट्टीच्या दुसऱ्या टोकाची भिंतसुद्धा दिसेना. आमचं विमान डोळ्यांनी बघून उडवायचं असतं. पाच किलोमीटरवरचा टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर दिसला तर निघायचं, नाही दिसला तर नाही.

मधल्या वेळात मी वजनं मांडली. मी, हरेश, हौसामाय, मालू, पेटी, पेट्रोल. दोनदा मांडली. जमेना. हरेश एकशे दोन किलोचा आहे.

"मालूला ठेवू या?" तो म्हणाला.

"एक बोलते, दुसरी झेलते," हौसामाय मागून म्हणाली. "एकटीनं धवला होत नाय."

"मग पेट्रोल कमी भर."

"पेट्रोल कमी भरणार नाही," मी म्हटलं. "घाटापलीकडे ढग लागले तर मला परत यायला पुरलं पाहिजे."

हरेशनं माझ्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं. तीन वर्षं भावकीची थट्टा त्यानं झेलली होती ती अशाच एका दिवसासाठी, आणि तो दिवस आला तेव्हा त्यालाच जागा नव्हती. "मी गाडीनं येतो," तो म्हणाला. लग्नाची शेरवानी घालून तो तिथेच कडेला उभा राहिला. मला त्या क्षणी त्याच्यावर जितकं प्रेम आलं तितकं लग्नातही आलं नव्हतं.

मी फोन करून उड्डाणाच्या प्लॅनमधली माणसं दोनाची तीन करून घेतली. नऊ वाजता रामूदादांचा फोन.

"निगाली का?"

"धुकं आहे."

"अगो, धुक्याला काय होतं! घाल ना आत. बसवाले धुक्यातूनच आले."

"दादा, बसला रस्ता असतो. मला टॉवर दिसेपर्यंत मी हलणार नाही. मनस्वीचं लग्न आहे तरी नाही, माझं असतं तरी नाही."

ते काहीतरी बोलायला लागले आणि मी फोन ठेवला. थोरल्या दिरांचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवला. सव्वानऊ. नऊ वीस. हौसामाय पेटीवर बसून पान चघळत होती, जसं काही अख्खं कोल्हापूर तिच्यासाठी थांबणारच आहे.

नऊ पंचवीसला धुक्यात टॉवरचं टोक दिसलं. मग अर्धा टॉवर, मग टेकडी. मी परवानगीचा नंबर पुन्हा एकदा तपासला, दोघींना पट्टे बांधले, कानांवर हेडफोन चढवले. हौसामायनं गजरा चुरगळू नये म्हणून हेडफोन मानेकडून घातला. नऊ बत्तीसला आम्ही जमीन सोडली. खाली हरेश दोन्ही हात वर करून धावत होता, शेरवानीसकट.

कोकणाच्या अंगानं महाडपर्यंत दक्षिणेला गेलो. मालूनं डोळे उघडले ते तिथे. हौसामायनं मात्र एकदाही मिटले नव्हते.

"माजं खाचर कंच्या अंगाला ऱ्हायलं?" तिनं विचारलं. तिची भातशेती आता मोठ्या विमानतळाच्या पट्टीखाली आहे.

"मागे, माय. तिकडे आपल्याला जाता येत नाही."

"असूं दे. माज्या खाचरावरून सगलं जग उडतं. आज मी पन उडले. फिटंफाट."

घाटाशी वाऱ्यानं चांगलंच हलवलं. विमान खाली बसलं, वर उचललं गेलं, डावीकडे ढकललं गेलं. मालूनं माझ्या सीटची पाठ इतकी घट्ट धरली की मला मागे ओढल्यासारखं वाटत होतं. उजवीकडच्या डोंगरावर ढग बसले होते. मी डावीकडची मोकळी खिंड धरली, पाच मिनिटं जास्त लागली, पण जमीन एकदाही नजरेआड होऊ दिली नाही. घाट ओलांडला आणि पलीकडे उसाचे हिरवे पट्टे दिसले तेव्हा मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

हौसामाय गळा मोकळा करायला लागली. आधी हळू, मग पूर्ण आवाजात, आणि मालूनं भीती विसरून झेलायला सुरुवात केली. नेमकं तेव्हाच मला रेडिओवरून कोल्हापूर विमानतळाशी बोलायचं होतं. मी बटन दाबून माझा नंबर सांगितला, उंची सांगितली.

"मॅडम, तुमच्याकडे गाणी चालू आहेत का?" इंग्रजी सोडून पलीकडच्या माणसानं सरळ मराठीत विचारलं.

"नाही. धवलारीण आहे. आमच्या मुलीचं लग्न आहे."

"किती वाजता?"

"साडेअकराच्या आत हळद लागायची आहे."

"या सरळ. तुमच्या पुढं कोण नाही. वारा समोरून, मंद."

अकरा वाजून दोन मिनिटांनी चाकं टेकली. मी इतकं मऊ कधी उतरवलं नव्हतं. मालूला कळलंच नाही, ती "कवा उतरनार?" असं विचारत राहिली. विमानतळाच्या दाराशी अपूर्वचा भाऊ स्वानंद गाडी घेऊन उभा होता. कार्यालय दहा मिनिटांवर होतं आणि त्यानं ते अंतर सातात कापलं.

मांडवात शिरलो तेव्हा पाट रिकामा होता. मनस्वी बाजूला उभी होती, पिवळी साडी, रडून सुजलेले डोळे. तिनं हौसामायला बघितलं आणि धावत येऊन मिठी मारली. "पोरी, हलद लागायच्या आधी रडू नये," एवढंच बोलून हौसामायनं तिला पाटावर बसवलं. घड्याळात अकरा सतरा.

मी खांबाला टेकून उभी राहिले. हौसामायनं सूर लावला आणि वेणूताईंनी पोरीच्या पायाला हळद लावली. धवल्यात एक जागा अशी येते की लग्नासाठी कुणी कुणी काय आणलं त्याची नावं घेतात. मी ती शंभरदा ऐकलेली. हौसामाय गाऊ लागली:

"मालीदादानी आनली गो फुलां,
कुंभारदादानी आनला गो घट,
प्राचीबायनी आनली गो धवलारीन,
वाऱ्याचे वाटंनी, वाऱ्याचे वाटंनी."

मालूनं ते झेललं. मग बायकांनी उचललं, आमच्या गावच्या सगळ्या बायकांनी, ज्या काल बसमधून मला अक्षता राखून ठेवणार होत्या त्यांनीसुद्धा. कोल्हापूरच्या बायकांना शब्द कळेनात, तरी वसुंधराताई टाळ्या वाजवत "वाऱ्याचे वाटंनी" म्हणत होत्या. मी हरेशला फोन लावला. तो खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर होता. "ऐक," म्हटलं आणि फोन वर धरला. त्यानं ऐकलं, आणि त्याच्या मागे लागलेल्या गाड्यांचे हॉर्नसुद्धा मला ऐकू आले. मी हमसून रडत होते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

धवले बायकांनी म्हणायचे असतात. आमच्यात पुरुष मांडवाबाहेर खुर्च्यांवर बसतात, विड्या ओढतात, जेवणाची वाट बघतात. पण त्या दिवशी बायकांच्या आवाजात मला एक जाड, बेसूर आवाज वेगळा ऐकू आला. मी वळून बघितलं. मांडवाच्या तोंडाशी, डोक्यावरची टोपी हातात घेऊन रामूदादा उभे होते, आणि माझं नाव घेऊन ती ओळ गात होते.