दूध तोडल्यावर

हडपसरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तनुजाच्या पाळीची काळजी तिच्याइतकीच इतरांनाही होती. मुक्ताई झाली त्याला दोन वर्षं होत आली, तरी पाळी परतली नव्हती. तनुजाला दुसरं मूल हवं होतं, अगदी जीव तुटेस्तोवर हवं होतं. ती स्वतः एकुलती एक. आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर एकटीच बसली होती, आणि तसं बसणं तिला मुक्ताईच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. त्यात वय छत्तीस.

"पोरगी अजून अंगावर पितीय, मग पाळी येणार कशी?" सासूबाई, मथुराबाई, म्हणाल्या. "दूध तोड. महिन्याभरात येतीय का न्हाई बघ."

शेजारणींनी माना डोलावल्या. नवऱ्याने, इंद्रजीतने, मोबाइलवर वाचून तेच सांगितलं. एकदा रक्त तपासून घ्यावं, एवढं मात्र या विद्वानांपैकी कुणालाही सुचलं नाही. तनुजालाही नाही, आणि त्याबद्दल ती पुढे स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

गॅलरीतल्या कुंडीतली कोरफड मथुराबाईंनी चिरली. तो कडू गर तनुजाने स्वतःच्या हाताने छातीला लावला. संध्याकाळी मुक्ताईने नेहमीसारखी ओढणी धरून तिला सोफ्याच्या कोपऱ्यात नेलं, तोंड लावलं आणि दचकून वर बघितलं. रडली नाही. हे आईनेच केलंय, असं त्या जिवाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"दुदूला बाऊ झालाय," मथुराबाईंनी समजूत घातली. मुक्ताईने ते खरं मानलं. चार दिवस ती लांबून बघत राहिली, पाचव्या दिवसापासून बघेनाशी झाली. इकडे तनुजाची छाती दगडासारखी झाली, ताप भरला, मग हळूहळू दूध आटलं. होऊ दे, पाळी तर येईल, असं ती मनाला बजावत राहिली.

एक महिना गेला, तीन गेले. शेवटी रक्त तपासलं.

"तुमची स्त्रीबीजं जवळपास संपलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जणींची फार लवकर संपतात. पाळी थांबली होती ती त्यामुळे, दुधामुळे नाही. पाजत राहिला असतात तरी काही बिघडलं नसतं."

शेवटचं वाक्य बाईंनी धीर द्यायला म्हटलं असावं. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत तनुजाच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

घरी येऊन तिने साबण लावून अंग धुतलं. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसून कुर्त्याची बटणं सोडली. दूध नव्हतंच. तिला फक्त लेकीचं तोंड छातीशी हवं होतं, एकदाच.

"ये मुक्ता, ये."

मुक्ताई आली. वाकून तिने अलगद फुंकर घातली आणि ओढणी नीट पांघरून दिली.

"बाऊ बला होनाल?"

तीन महिने सगळे त्या पोरीला थापाच मारत आले होते.

"नाही गं बाळा," तनुजा म्हणाली.

मुक्ताईने मान डोलावली आणि कपातलं दूध मागायला आजीकडे गेली.