पुतळाबाईची उघडी तक्रार

ग्रामसेवक प्रितेश आपल्या पायांनी दारात आला, तेव्हाच पुतळाबाईने ओळखलं की याचं काहीतरी अडलंय. एरवी तीन वर्षं हा बाबा तिला लांबून बघितलं की मोबाईल कानाला लावायचा.

तिचं मागणं ते केवढं! घराच्या मागून ओढा जायचा. शेजारी गोदाम झालं, ट्रक वळवायला जागा हवी म्हणून मालकाने रस्त्याखालच्या मोरीत मुरूम लोटला आणि ओढ्याचं तोंडच बुजवलं. तीन पावसाळे बाईच्या घरात गुडघाभर पाणी. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला खाटेसकट उचलून शेजाऱ्याच्या ओट्यावर ठेवावं लागलं. पंचायतीत गेली की प्रितेश म्हणायचा, "तोंडी सांगितलंत ना मावशी, मग लिहायचं कशाला?" तक्रारींची वही कोरी करकरीत. सरपंच केसरीनाथ भाषणात त्या कोऱ्या वहीचा मोठेपणा सांगायचा. लाज म्हणून नाही मेल्यांना.

आता पंचायतींच्या कारभाराला गुण द्यायचं नवं खूळ निघालं होतं. तपासणी उद्यावर आलेली. तक्रार सोडवली तर दहा गुण, आणि वहीत तक्रारच नसेल तर भोपळा. प्रितेश सकाळपासून दारोदार तक्रारी मागत फिरत होता, पण देतंय कोण? लिहून देणाऱ्याला इतकी वर्षं यांनीच दटावलेलं. लोक दारं लावून घेत होते.

"मावशी, छोटीशी द्या. दिवा बंद आहे, असं काहीतरी. संध्याकाळपर्यंत करून देतो. मग 'समाधान झाले' म्हणून तुमची सही."

पुतळाबाईने तांदूळ निवडायचं थांबवलं नाही. "माजा दिवा चालू हाय. मोरी लिव."

"मोरी एका दिवसात कशी होईल?"

"मंग जा."

तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मुकाट्याने मोरी लिहिली, नंबर घातला, शिक्का मारला.

आणि काय सांगावं, तीन वर्षं न होणारं काम दुपारी चारला सुरू झालं. जेसीबी आला, तासाभरात मुरूम बाहेर. जाता जाता ड्रायव्हरने प्रितेशला विचारलं, "साहब, टीम जाने के बाद वापस भरना है ना?" प्रितेशने डोळे वटारले. पण भिवंडीच्या बाजारात जन्म काढलेल्या बाईला काय हिंदी कळत नव्हती?

प्रितेशने वही पुढे केली. बाईने आधी मोरीत हंडाभर पाणी ओतलं, पलीकडे जाऊन ते आलेलं बघितलं, मग म्हणाली, "सई पाऊस सरल्यावर."

"काम झालंय ना!"

"माजं समाधान पावसात व्हायचंय, उन्हात न्हाय."

दुसऱ्या दिवशी तपासणीची मृणालीमॅडम आली. तिने मोरीचा फोटो काढला, वही चाळली. "सही नाही, म्हणजे तक्रार उघडी. सही होईपर्यंत आम्ही दर महिन्याला येऊन बघणार. मोरी बंद दिसली तर पंचायतीचे गुण कापणार."

"दर म्हयन्याला?" पुतळाबाईने दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी खुद्द केसरीनाथ आला. "काकी, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"माजा म्हातारा खाटेसकट पान्यात व्हता, तवा तुजी इज्जत कुठं गेल्ती रं?" तिने त्याला बस असंही म्हटलं नाही.

त्या पावसाळ्यात ओढा मोरीतून धो धो वाहिला आणि म्हातारा आपल्याच घरात, कोरड्या जमिनीवर, आपल्या खाटेवर झोपला. गोदामवाल्याचे ट्रक लांबून वळसा घालून गेले.

दिवाळी झाली तसा प्रितेश वही नि पेन घेऊन हजर. "मावशी, पाऊस सरला. आता तरी करा."

"सरला व्हय?" पुतळाबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पुढल्या वर्सी न्हाय यायचा का?"

प्रितेशने पेन खिशात ठेवलं आणि पँटचे पाय वर दुमडून तो मोरीत उतरला. उद्या मॅडम यायची होती आणि तोंडाशी प्लास्टिक अडकलं होतं.