निळ्या ज्वाळेची देवी

तिन्हीसांज झाली की पनवेलच्या वडाळे तळ्याच्या काठी पाय ठेवायला जागा उरत नसे. पेणहून, उरणहून एसटीने माणसं येत. ज्वालागिरी महाराज निखाऱ्यांच्या कुंडासमोर डोळे मिटून बसत, चिमूटभर भस्म निखाऱ्यांवर टाकत, आणि त्यातून ज्वाळा उठे. लाल नाही, पिवळी नाही, निळी! बाया हात जोडत. पुढच्या रांगेतले लोक धुराने ठसकत, पण तेही भक्तिभावाने.

"देवी आली," महाराज सांगत. "खाज असेल त्याने घरच्या सगळ्यांसकट भस्म तेलात कालवून अंगभर चोळावं, कपडे उकळावेत. पोट बिघडलं असेल त्याने गिळावं. छाती धरली असेल त्याने धूर घ्यावा." कातडी, पोट, फुप्फुस, सगळ्याला एकच पुडी. इतका सोयीचा दवाखाना त्या काळी मुंबईतही नव्हता.

आता खरं तेही सांगतो. खाज जात होती. कोळीवाड्यात त्या साली घरोघर खरूज होती, ती या भस्माने गेली. पेठेतल्या एका व्यापाऱ्याला वर्षानुवर्षं पोट साफ होण्याची पंचाईत होती. त्याने भस्म गिळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ही शुभवार्ता दुकानोदुकानी सांगत सुटला. मग लोकांचं तोंड कोण धरणार?

मासळी विकणाऱ्या सोनाबाईंच्या बोटांच्या बेचक्या खाजवून सोलवटल्या होत्या. मिठाचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी येई. भस्माने त्यांचे हात बरे झाले आणि त्या महाराजांच्या झाल्या. त्यांची सून दमयंती क्षयाने आजारी होती. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, डॉक्टर मनासे आपटेकर तिला इंजेक्शनं देत होते आणि तिचा ताप उतरू लागला होता. पण महाराजांनी सांगितलं की सुई आणि देवी एका अंगात नांदत नाहीत. सोनाबाईंनी सुई बंद केली. दमयंतीला रोज कुंडाशी बसवून, डोक्यावरून लुगडं पांघरून धूर द्यायला सुरुवात झाली.

एके दिवशी तिच्या थुंकीत रक्त आलं. नवरा काशिराम घाबरला आणि आईला न सांगता तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी छाती तपासली. त्यांचा चेहरा उतरला, मग ते संतापले. काशिरामच्या खिशातली भस्माची पुडी त्यांनी मागून घेतली आणि चिमूटभर भस्म स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळी ज्वाळा उठली. कुंडापाशी धूप-कापराआड लपणारा वास इथे उघडा पडला. गंधक! राखेत कालवलेलं गंधक.

डॉक्टर स्वतः खरजेवर गंधकाचंच मलम देत. सोनाबाईंनाही दिलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत लावा, कपडे उकळा, असं बजावलंही होतं. तेव्हा लावलं फक्त सोनाबाईंनी, तेही खाजेल तेवढ्याच जागी. घरातल्यांकडून खरूज पुन्हा त्यांच्याकडे आली. महाराजांनी शब्दाला शब्द हेच सांगितलं, पण देवीच्या नावाने, आणि सगळं घर मुकाट्याने तेल चोळून बसलं. औषध डॉक्टरांचं आणि नवस देवीला, असा प्रकार. डॉक्टरांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ते मासळी बाजारात सोनाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, की काष्ठौषधीच्या तुमच्या ओळखीच्या दुकानातून स्वतःच्या हाताने थोडं गंधक घ्या आणि संध्याकाळी कुंडात टाका. सुनेच्या थुंकीतल्या रक्ताचं ऐकून सोनाबाई आधीच हादरल्या होत्या. त्या हो म्हणाल्या.

संध्याकाळी डॉक्टरही तळ्याकाठी आले, काशिराम दमयंतीला घेऊन आला. सोनाबाईंनी गर्दीसमोर गंधक निखाऱ्यांवर टाकलं. तीच निळी ज्वाळा.

महाराज कसले हरतायत! "पाहिलंत? देवी हिच्या अंगात आली," ते म्हणाले, आणि दोघी-तिघी खरंच सोनाबाईंच्या पाया पडायला वाकल्या. सोनाबाई मागे सरकल्या.

"माज्या अंगात काय बी नाय. दुकानातला गंधक हाय ह्यो." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "पन मंग माजी खाज कशी गेली?"

"गंधकानेच गेली," डॉक्टर म्हणाले. "खरजेचा किडा कातडीत राहतो, गंधक चोळलं की मरतो. पोटात गेलं तर जुलाब होतात. पण क्षयाचे जंतू फुप्फुसात असतात. ते या धुराने मरत नाहीत. धूर फुप्फुसालाच जाळतो."

सोनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिला विचारलं, की तुला धुरानं काय होतं?

"मी पयल्या दिसापासून सांगतंय, आये," दमयंती म्हणाली. "धुरात मना श्वास घेववत नाय. तुमी बोलल्या, देवी झोंबते."

सोनाबाईंनी तिचा हात धरला आणि तिला कुंडापासून दूर नेलं.

महाराज दुसऱ्या गावी गेले, तिथेही ज्वाळा निळीच उठली असेल. दमयंतीची इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. धुरात गेलेले दिवस परत आणता येणार नाहीत, एवढंच डॉक्टर म्हणाले.

म्हणून सांगतो, बरं वाटलं तर कशाने वाटलं ते विचारा. एक रोग गेला म्हणून दुसराही त्याच पुडीने जाईल, असं धरून चालू नका. आणि देवीचं म्हणणं कुणी कितीही छान सांगो, आधी आजाऱ्याचं म्हणणं ऐका. श्वास घेववत नाही, असं दमयंती रोज सांगत होती. ऐकायला तिथे अख्खं पनवेल बसलं होतं.