घोड्यामागचं घर

लिंबाजी खरातनं घोडा घराकडे पाठ करून लावला, आणि उंबऱ्याखालची खीळ घोड्याच्या जबड्यात खट्‌कन बसली. त्या सकाळपासून त्याचं घर ट्रेलर झालं.

हा घोडा चार पायांचा नव्हे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या मुंडक्याला जालन्याकडे घोडा म्हणतात. त्याच्या पाठीवर लोखंडी जबडा असतो. ट्रेलरच्या पोटाखालची खीळ त्यात अडकली की दोघांची एकच गाडी होते. नवा घोडा दारात आला की त्याचं तोंड घराकडे करायचं आणि घरच्या बाईनं कुंकू लावायचं, हे कुठलाही ट्रेलरवाला झोपेतसुद्धा चुकत नाही. पण लिंबाजीची उमेदीची सारी वर्षं दुसऱ्यांचे घोडे चालवण्यात आणि मागं घेऊन त्यांना ट्रेलर जोडण्यात गेली होती. स्वतःचा पहिला घोडा घरी आणताना त्याला आनंद मावत नव्हता, आणि आनंदात माणसाचं डोकं सुटीवर जातं. हातांनी सवयीचं तेवढं केलं.

विमल आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर घोड्याची पाठ होती. कुंकू कुठं लावू, असं तिनं विचारलं, आणि जबड्यालाच लावून टाकलं.

लिंबाजीनं गाडी पुढं घेऊन पाहिली. घर वीतभर मागं आलं आणि माठातलं पाणी हिंदकळलं. जबडा उघडायचा दांडा ओढून ओढून त्याचे तळहात सोलले, दांडा जागचा हलला नाही. मग त्यानं जब्बारभाईला बोलावलं. धान्याच्या मोंढ्यापलीकडे जब्बारभाईचं ट्रेलर बांधायचं आवार होतं, आणि गेले काही महिने लिंबाजी तिथं जाऊन कोणता ट्रेलर घ्यावा यावर त्याचं डोकं खात होता. जब्बारभाईनं उकिडवं बसून खाली पाहिलं, हातोडीनं खीळ वाजवली आणि हात पुसले.

"घोड्याला मागं काहीतरी लागतंच. तुमचं काही ठरंना, म्हणून घरानं जागा धरली. एक ट्रेलर पसंत करा, घर सुटंल."

तोवर घोडा दारातून हलणार नव्हता. लिंबाजीला रडू आलं. मालक व्हायला त्याला अर्धं आयुष्य लागलं होतं, आणि मालक झाल्या दिवशीच तो स्वतःच्या ओसरीत अडकला होता.

तो घरात पाटावर बसला आणि आधी लो-बेडचा विचार करू लागला. मधे खोल असलेला ट्रेलर, मोठाली यंत्रं न्यायला बरा. विचार पुरता होईतो घराची फरशी मधोमध खचली. विमल स्वयंपाक करता करता खाली गेली आणि तिचं डोकं त्याच्या गुडघ्याशी आलं.

"मान वर करून बोलावं लागायलंय," ती म्हणाली.

त्यानं लो-बेड मनातून काढला. फरशी वर आली, पण खिडक्या आल्या नाहीत. खिडक्या होत्या तिथं गुळगुळीत भिंत होती.

मग त्यानं सांगाड्याचा विचार केला. सांगाडा म्हणजे नुसत्या दोन लांब तुळया आणि आडव्या पट्ट्या, वर कंटेनर ठेवायचा. फरशी गेली. खाली जमीन दिसू लागली, तिथं शेजारची कोंबडी दाणे टिपत फिरत होती. विमल तुळईवरून चालत चहा घेऊन आली. बशीत थेंब सांडला नव्हता.

"ह्याच्यावर माणूस ठेवायची सोय न्हाई," तिनं सांगितलं आणि ती तशीच परत गेली.

त्यानं सांगाडाही सोडला. फरशी परतली, पण मागचं दार परतलं नाही. पुढचं दार तर घोड्यानं आधीच बुजवलं होतं. आता लिंबाजी खरंच घाबरला. आणखी एक नापसंती, की छप्पर डोक्यावर यायचं. बाहेरून जब्बारभाई विचारत होता, ठरलं का.

उरला होता सपाट ट्रेलर. त्याला भिंती नाहीत, खोलगा नाही, कुठूनही माल चढवा, कुठूनही उतरवा. एवढ्या मोकळ्या ट्रेलरवर कोण अडकेल, असं त्याला वाटलं.

"सपाट," तो ओरडला. "पक्कं."

भिंती गेल्या, छप्पर गेलं. वारा आला. लिंबाजी उतरायला कडेकडे निघाला, पण तो चालेल तशी कड पुढं सरकत होती. खाली घोड्याच्या जबड्यात पुन्हा खट्‌ झालं.

"घर सुटलं का?" त्यानं विचारलं.

"सुटलं की," जब्बारभाई म्हणाला. "आता हा ट्रेलरच हाय." आणि तो हातोडी उचलून आपल्या आवाराकडे चालू लागला.

सपाट ट्रेलरवर काहीही मोकळं ठेवायचं नसतं. ते विमलला ठाऊक होतं, कारण हे ज्ञान लिंबाजीनं जेवताना तिला इतकी वर्षं पाजलं होतं. माल बांधून झाला की तो पट्ट्यावर थाप मारून मालाला बजावायचा, पोचेपर्यंत हलायचं न्हाई. आणि फेरीला निघताना तशीच थाप दाराच्या चौकटीवर मारून विमलला बजावायचा, मी येईपर्यंत हलायचं न्हाई. ती हलली नव्हती. माहेरी भावाच्या लग्नालासुद्धा नाही.

तिनं पट्टे आणले. आधी खाट बांधली, मग माठ, मग कपाट. मग नवऱ्याला आडवं व्हायला सांगितलं. सांगण्यात राग नव्हता, म्हणून तो आडवा झाला. छातीवरून एक पट्टा, मांड्यांवरून एक. पट्ट्याचा दांडा तिनं त्याच्यासारखाच कचकच आवळला.

विमलनं पट्ट्यावर थाप मारली.

"पोचेपर्यंत हलायचं न्हाई," ती म्हणाली.

कुठं, ते तिनं सांगितलं नाही. ती घोड्यावर चढली आणि तिनं गाडी सुरू केली. गाडी चालवायला तू कधी शिकलीस, हे त्याला विचारायचं होतं, पण पट्टा घट्ट होता आणि श्वास पुरत नव्हता. गाडी गल्लीतून वळली आणि लिंबाजीवरून विजेच्या तारा जाऊ लागल्या. त्यानं जमेल तेवढी मान वळवली. ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला शेगडी पेटलेली होती, तिच्यावर दूध वर येत होतं. शेगडी तेवढी बांधायची राहिली होती, आणि ती त्याच्याकडे सरकत होती.