मागाच्या खड्ड्यातली जागा

"बघ गं, पोटात आणि मागाच्या दांड्यात आज चार बोटं जागा उरली," मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत तम्मण्णा म्हणाला.

बायाक्काला भरून आलं. नवऱ्याच्या पोटाची चेष्टा शहापूरच्या त्या गल्लीत कुणी केली नव्हती? त्याला बसता यावं म्हणून खड्ड्याची मागची कड तिनं स्वतः कुदळीनं दोनदा खणून मागं नेली होती. मग डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली. भात बंद, गूळ बंद, अंग उतरवा. आठ महिने तिनं जोंधळ्याची भाकरी आणि मेथीशिवाय काही वाढलं नाही. दिवाळीत करंजीसाठी तो लहान पोरासारखा रुसला, तरी ती बधली नाही. स्वतःच्या तोंडालाही गोड लावलं नाही. तो वाळू लागला तशी ती गल्लीभर सांगत सुटली, की मीच ह्यांना बरं केलं. तो घागरभर पाणी पितो, माग सोडून सारखा परसात जातो, हे तिला दिसत होतं. पण आठ महिन्यांच्या पथ्यानं ती इतकी थकली होती, की त्याचा अर्थ लावायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दुपारी दवाखान्यात कंपाउंडरनं काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. तम्मण्णाचा जन्म सूत रंगवण्यात गेलेला. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं. रंग तांबड्याकडं जाईल तशी साखर जास्त, हे त्याला ठाऊक होतं.

"थांब की रं तितंच," तो नळीकडं बघत पुटपुटला.

नळी विटकरी झाली.

"पक्का रंग हाय, डॉक्टर. धुऊन जायचा न्हाय."

"तम्मण्णा, तुमचं अंग पथ्यानं उतरलं नाही. रोगानं खाल्लंय," डॉक्टर म्हणाले. "आता रोज सुई टोचायला हवी. पण लढाईमुळं विलायतेहून औषध कधी येईल, सांगता येत नाही."

"मग म्या आठ म्हैनं काय केलं?" बायाक्कानं विचारलं.

"केलंत ते बरोबरच केलंत, बाई. पण ते पुरलं नाही."

घरी येईपर्यंत तो तीनदा कट्ट्यावर टेकला. तिला रडूही येईना, इतकी ती दमली होती.

"तुझी चूक न्हाय गं," तो म्हणाला, आणि लुगड्याचा पदर विणायचा राहिला होता म्हणून पुन्हा मागावर बसला. आडवं सूत नेणारा धोटा फेकला की त्याचा तोल जायचा. खड्ड्याची मागची कड आता लांब पडली होती, पाठीला टेकायला काही उरलंच नव्हतं.

बायाक्कानं घोंगडं आणलं, त्याची चौघडी केली आणि स्वतः खणलेल्या जागेत त्याच्या पाठीमागं दाबून बसवली.

"आता लागतंय न्हवं पाठीला?"

"व्हय."

घोंगडं सरकू नये म्हणून पदर पुरा होईपर्यंत ती ते हातानं दाबून धरून बसून राहिली.