नवख्यांची हीट

आमच्या क्लबात नवा माणूस साधारण तीन रविवार टिकायचा. चौथ्या रविवारी तो दिसत नसे, आणि का दिसत नाही असं कोणी विचारतही नसे.

क्लब मी आणि राघवनं चार वर्षांपूर्वी सुरू केला. नोएडात एका बंद पडलेल्या एक्स्पोर्ट युनिटचा वरचा मजला, त्यावर पानिपतहून आणलेला करडा, आखूड केसांचा गालिचा, गालिच्यावर पांढऱ्या फळ्या लावून आखलेला वळणावळणाचा ट्रॅक. एका बाजूला लाकडी मचाण. त्यावर उभं राहून रिमोटनं आपापली गाडी पळवायची. गाड्या खऱ्या गाडीच्या एक दशांश, हातभरसुद्धा लांब नाहीत, पण सरळ पट्ट्यावर अशा सुटतात की नवख्याची मान वळेपर्यंत त्या पुढच्या वळणात पोचलेल्या असतात. एकेक हीट, म्हणजे एकेक शर्यत, पाच मिनिटांची. पाच मिनिटांत जो जास्त फेऱ्या मारेल तो पहिला.

नवखा लांबूनच ओळखू यायचा. दुकानदारानं गळ्यात मारलेली सर्वांत जोरकस मोटर, कोरी करकरीत गाडी, आणि चेहऱ्यावर भाव असा की व्हिडिओ पाहिलेत, जमून जाईल. पहिल्याच वळणात गाडी फळीवर. दुसऱ्या वळणात उलटी. मग खाली उतरून तो बिचारा विचारायचा, टायर कुठले लावू? राघव म्हणायचा, "पहले सीधी चलाना सीख लो, टायर बाद में पूछना." मचाणावर हशा. मीही हसायचो. नवख्यांच्या हीटला आम्ही 'सब्जी मंडी' म्हणत असू.

त्याचं वाईट वाटायचं असं मी सांगू शकतो, पण ते खोटं ठरेल. मी एचआरमध्ये आहे. आठवडाभर लोकांना त्यांची नालायकी गोड शब्दांत गुंडाळून देणं हे माझं काम. रविवारी तरी खरं बोलावं, असं मला वाटायचं.

माझे सासरे भालचंद्र केतकर यांना गोड शब्दांची अडचण कधीच आली नाही. फरिदाबादच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी तपासनीस म्हणून काम केलं. म्हणजे पार्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि नाकारायचा. निवृत्त झाल्यावर नाकारायला पार्ट उरले नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं घेतली. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्यांच्या सोसायटीतला लिफ्टवाला, माळी, समोरच्या फ्लॅटमधले रिटायर्ड कर्नल, सगळे नापास झाले होते. मी तर लग्नाच्या बोलण्यांतच नापास झालो होतो, आणि त्याला आता आठ वर्षं झाली. ते मला 'निखिलराव' म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. मराठीत यापेक्षा जास्त तुच्छता दाखवायची सोय नाही.

"बाबांना एक रविवार घेऊन जा तुझ्याबरोबर," मयुरा म्हणाली. मयुरा म्हणजे माझी बायको. "आई कंटाळली आहे. काल पोळ्या तव्यावर असताना बाबा त्यांची जाडी सांगत होते."

"ते येणार नाहीत. त्यांना ते खेळणं वाटतं."

"खेळणंच आहे ना?"

तर ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हॉलमध्ये शिरून त्यांनी आधी गालिचा बघितला, मग मचाण बघितलं, मग मचाणावरची आम्ही आठ माणसं बघितली.

"निखिलराव," ते म्हणाले, "यातली लग्न झालेली किती?"

"सहा."

"अच्छा," एवढंच म्हणून ते खुर्चीवर बसले.

तासाभरानं मी क्लबची शिकाऊ गाडी त्यांच्या हातात दिली. मदत म्हणून दिली नाही, हे कबूल करतो. मला त्यांना आदळताना बघायचं होतं. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली नाही, जी पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगायला हवी: गाडी आपल्यापासून लांब जाताना डावं ते डावं असतं, पण आपल्याकडे येताना डावं ते उजवं होतं. केतकर लांब जाताना व्यवस्थित गेले. परतीच्या वळणावर त्यांनी रिमोटवरचं चाक उलट फिरवलं आणि गाडी थेट फळीत घातली. परत सरळ केली, परत घातली. पाच मिनिटांत सात फेऱ्या झाल्या. राघवच्या होतात पंचवीस.

"अंकल, ट्रॅक फळीच्या आतल्या बाजूला आहे," राघव हिंदीतून म्हणाला. मचाण हसलं.

सासऱ्यांनी रिमोट खाली ठेवला आणि राघवकडे नीट वळून बघितलं. "आप क्या करते हैं?"

"कन्सल्टिंग."

"किसको?"

"मतलब... कंपनियों को."

"वो चल रही हैं अभी?"

राघव आपल्या गाडीची बॅटरी बदलायला वळला. पण सात फेऱ्या त्या सातच. घरी येताना मी गाडीत गुणगुणत होतो. मयुराला सगळं रंगवून सांगितलं, ते कसे आदळले तेही करून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

"तू हसलास का त्यांना?"

"सगळेच हसले."

"तुला विचारलं मी," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली.

ते परत येणार नाहीत याची मला खात्री होती. पुढच्या रविवारी मी पोचलो तर ते माझ्याआधी हजर. द्वारकेपासून मेट्रोच्या ब्लू लाइननं, सव्वा तास प्रवास करून. भाजीच्या कापडी पिशवीत स्वतःची गाडी. मेट्रोच्या गेटवर जवानानं पिशवी उघडायला लावली होती, तेव्हा "खिलौना है, नोएडा में बड़े लोग खेलते हैं" असं सांगून आल्याचं त्यांनी मला न विचारता सांगितलं.

गाडी त्यांनी ऑनलाइन जाहिरात बघून सिद्धांत नावाच्या मुलाकडून जुनी घेतली होती. हा सिद्धांत आमच्याकडे उन्हाळ्यात तीन रविवार येऊन गेलेला. मला तो आठवतच नव्हता. सासऱ्यांना मात्र त्यानं चहा पाजून सगळं सांगितलं होतं: कोण काय बोललं, कोण हसलं. "तुमचं नाव दुसरं घेतलं त्यानं," ते मला म्हणाले. "पहिलं त्या कन्सल्टिंगवाल्याचं."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या क्लबात कोणीच केलं नव्हतं. सिद्धांतनं बसवलेली जोरकस मोटर काढून त्यांनी साधी, सर्वांत मंद मोटर लावली. रिमोटवर गाडीच्या पुढच्या चाकांचं वळणं कमी करून घेतलं, म्हणजे चुकून जास्त वळवलं तरी गाडी थोडीच वळेल. आणि पाच मिनिटं अशा संथ गतीनं चालवली की बघणाऱ्याला झोप यावी. फळीला एकदाही लागली नाही. तेरा फेऱ्या.

"अंकल मॉर्निंग वॉक को निकले हैं," राघव म्हणाला.

हशा झाला, पण सासऱ्यांना काही झालंच नाही. त्यांच्या कपाळावर आठी नाही, कान लाल नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही. आमच्याकडे हत्यार एकच होतं. समोरच्याला आपण तुच्छ आहोत असं वाटायला लावणं. आणि हा माणूस आमच्याबद्दल इतकी तुच्छता घेऊन आला होता की आमच्या तुच्छतेला त्याच्यात शिरायला जागाच नव्हती.

क्लबचा एक नियम आहे. ज्याची हीट संपली त्यानं पुढच्या हीटला ट्रॅकच्या वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. राघव यातून नेहमी निसटायचा, गाडीत काहीतरी बिघडलंय म्हणून. सासरे निसटले नाहीत. ते तिसऱ्या वळणावर हात मागे बांधून उभे राहिले. आमच्या हीटमध्ये राघवची गाडी तिथेच उलटली. सासऱ्यांनी ती उचलली, पालथी केली, चारही चाकं एकेक करून फिरवून बघितली आणि सावकाश खाली ठेवली. तोवर पाच गाड्या पुढे गेल्या होत्या.

"अंकल, जल्दी," राघव मचाणावरून ओरडला.

"जल्दी है तो सीधी चलाइए," सासरे म्हणाले.

त्या दिवशी राघव सहावा आला. मी पहिला आलो, आणि तरी मला मजा आली नाही, कारण सासरे माझ्या गाडीकडे बघतसुद्धा नव्हते.

नोव्हेंबरात अवनी आली. बँकेत अधिकारी, तिशीची, मयूर विहारहून यायची. तिसऱ्या रविवारी तिची गाडी सुरुवातीच्याच गर्दीत फळीवर जाऊन पुढचं चाक तुटलं, आणि वरून कोणीतरी, मीच बहुधा, "सब्जी मंडी" म्हणालो. ती खाली येऊन सामान भरायला लागली. चौथा रविवार तिचा नव्हता, हे आम्हाला दिसत होतं.

सासरे आपली खुर्ची उचलून तिच्या टेबलाशी गेले.

"जा रही हो, बेटा?"

"मुझसे नहीं होगा, अंकल. सब हँसते हैं."

"सब कौन? ये?" त्यांनी हनुवटीनं आम्हाला दाखवलं. आवाज कमी करायची तसदी घेतली नाही. "चार साल से हर इतवार एक ही गालिचे पर गोल घूम रहे हैं. कोल्हू के बैल हैं. बैल के हँसने का कोई बुरा मानता है?"

अवनी हसली. मग चाक बदललं. सासऱ्यांनी तिच्याशेजारी बसून ते कसं बसतं ते बघितलं आणि दोनदा परत काढायला लावलं. पुढच्या हीटआधी ते तिला घेऊन ट्रॅकवर पायी फिरले, वळण न् वळण. मी कान देऊन ऐकत होतो. "गाडी को मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो. और सोचो कि तुम अंदर बैठी हो, तब दायाँ-बायाँ उलटा नहीं होगा. पहले दस चक्कर बिना टकराए. फिर थोड़ा तेज. टकराई तो फिर धीरे." हे सगळं मला माहीत होतं. चार वर्षांत मी ते एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

अवनी चौथ्या रविवारी आली, आणि बँकेतल्या दोघांना घेऊन आली. सिद्धांत परतला. सासऱ्यांच्या सोसायटीतले नापास कर्नल आले आणि गालिच्यावरही नापास झाले, पण येत राहिले. सासरे कोणालाच चांगलं म्हणत नसत. अवनीला म्हणाले, "आज कम बुरा था," आणि ती दिवसभर खुशीत होती. त्यांच्या शिव्या सगळ्यांना सारख्या होत्या, आणि सर्वांत जहरी शिव्या मचाणावरच्या जुन्या मंडळींसाठी राखून ठेवलेल्या होत्या. नव्या माणसाला एवढं पुरत असावं.

जानेवारीपर्यंत नवख्यांच्या हीटमध्ये बारा गाड्या झाल्या. आमच्यात सहा. दुपारी चारची वेळ सर्वांत चांगली, तोवर गालिच्यावर टायर घासून पकड आलेली असते, आणि ती वेळ चार वर्षं आमची होती. अवनीनं क्लबच्या बैठकीत विचारलं, जास्त गाड्या ज्यांच्या, वेळ त्यांची का नसावी? हात वर झाले. बारा आणि सहा. खरं सांगायचं तर तेरा आणि पाच, कारण माझाही हात वर गेला. तो का गेला ते मी राघवला समजावू शकलो नाही. स्वतःलाही धड समजावलेलं नाही.

"तुम लोगों ने इसको खिलौना बना दिया," राघव म्हणाला. त्यानं आपली पेटी भरली. गुरुग्राममध्ये नवा ट्रॅक काढतो म्हणाला, निवडक लोकांचा. तो गेल्यावर मला दोन रविवार चुकल्यासारखं झालं. सुरुवात आम्ही दोघांनी केली होती, आणि तो वाईट माणूस नव्हता. माझ्याहून वाईट तर नक्कीच नव्हता.

सासरे अजून शेवटून दुसरे येतात. शेवटचे कर्नल. सतरा फेऱ्यांच्या पुढे त्यांची गाडी गेलेली नाही, आणि मोटर बदला असं सुचवलं तर ते ऐकूनच घेत नाहीत.

गेल्या महिन्यात एक नवा मुलगा आला, इंजिनिअर, पुण्याहून नुकताच बदली होऊन. तो सासऱ्यांच्या टेबलाशी बसला आणि मराठी ऐकून सैलावला. मी शेजारीच टायर पुसत होतो.

"काका, इथे सगळ्यात चांगलं कोण चालवतं?" त्यानं विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, पार्टकडे बघावं तसं. "हे. आमचे जावई. वळणात कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं ते यांना कळतं. त्यांच्याकडून शीक." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाकी त्यांच्याकडून काही शिकू नकोस."

मुलगा माझ्याकडे वळला. त्याची गाडी कोरी करकरीत, मोटर सर्वांत जोरकस. टायर कुठले लावू, असं त्यानं विचारलं. मी त्याला सांगितलं, आणि मोटर काढायलाही सांगितलं, आणि तो ट्रॅकवर पायी फिरायला माझ्याबरोबर आला.

त्या रात्री मयुरानं विचारलं, "बाबा कसे होते आज?"

"मला चांगलं म्हणाले. अर्धं वाक्य."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते नेहमीचं," मी म्हणालो. ती हसली, आणि मला स्वतःचाच राग आला, कारण त्या अर्ध्या वाक्यानं मी संध्याकाळभर खूश होतो.